मोतीबिंदू नाही, म्हणून डोळे चांगले असे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर मोफत नेत्र तपासणी शिबिरांच्या बातम्या येऊ लागतात. किती जणांची तपासणी झाली, किती जणांना मोतीबिंदू निघाला, किती जणांची शस्त्रक्रिया ठरली, हे सारे त्यांत असते. ज्यांना मोतीबिंदू नाही आणि तरीही दिसत नाही, त्यांना पुढे कोठे पाठवले, याविषयीची ओळ मात्र माझ्या पाहण्यात आलेली नाही. मी स्वतः अशा लोकांपैकी एक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. वाढत्या वयात होणाऱ्या मॅक्युलर डीजनरेशन या पडद्याच्या आजाराने माझ्या उजव्या डोळ्याची मधली दृष्टी गेली असून डाव्या डोळ्यातही तो मधल्या टप्प्यावर आहे. आमच्या देवगड तालुक्यात आणि एकूणच कोकणात माझ्यासारखे अनेक ज्येष्ठ ‘आता वय झाले’ असे म्हणून घरात बसून आहेत, अशी माझी खात्री होत चालली आहे. म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहिते आहे.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्याच्या मध्यभागी सुमारे पाच मिलिमीटर व्यासाचा एक भाग आहे. त्याला मॅक्युला म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माशाचा काटा काढणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, बसवरची पाटी वाचणे ही सारी बारीक नजरेची कामे एवढ्याशा जागेवर अवलंबून असतात. साधारणपणे पन्नाशीनंतर काही जणांच्या पडद्याखाली पिवळसर कण साठू लागतात, तेथील पेशींचे पोषण बिघडते आणि हळूहळू मधली नजर विरळ होत जाते. कडेची नजर शाबूत राहते. त्यामुळे असा माणूस अंगणात फिरतो, विहिरीवर जातो, गुरे दावणीला बांधतो, आणि त्याच माणसाला समोर उभ्या असलेल्या सुनेचा चेहरा मात्र दिसत नाही. पाहणाऱ्यांना हे कोडे वाटते. ‘जमिनीवर पडलेले नाणे दिसते, मग माणूस कसा दिसत नाही,’ असे मला माझ्याच नात्यातल्या लोकांनी विचारले आहे. लग्नाकार्यात कोणी समोरून हसले आणि आपण हसलो नाही, तर लोक आपल्याला गर्विष्ठ समजतात. या आजाराने येणारा एकटेपणा बराचसा अशा गैरसमजांतून येतो, असा माझा अनुभव आहे.

माझ्या डोळ्याची कहाणी सांगते, कारण ती माझ्या एकटीची नाही. दिनदर्शिकेवरील आकडे मधेच तुटल्यासारखे आणि खिडकीचे गज वाकलेले दिसू लागले, तेव्हा मी जवळ भरलेल्या एका शिबिरात गेले. तेथे बॅटरीच्या उजेडात डोळे पाहून मला सांगण्यात आले की मोतीबिंदू आहे, पण कच्चा आहे, पिकला की या. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करणे आणि आतला पडदा पाहणे हे झालेच नाही. गज वाकडे दिसतात, हे मी सांगितले होते. रांग मोठी होती आणि तपासणाऱ्यांनाही उसंत नव्हती, हे मला दिसत होते, त्यामुळे मी कोणा एका व्यक्तीला दोष देत नाही. मात्र त्यानंतर मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्यात जे महिने गेले, त्या महिन्यांत माझ्या उजव्या डोळ्यातील पडद्यावर व्रण तयार झाला आणि तो आता भरून येणारा नाही. खरे तर मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचे, ही समजूतही आता कालबाह्य झाली आहे. आजची शस्त्रक्रिया रोजच्या कामात अडचण येऊ लागली की करता येते.

शिबिरांचा भर मोतीबिंदूवर असतो, यामागे कारण आहे आणि ते न सांगणे अन्यायाचे होईल. आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणातही पन्नाशीपुढील लोकांच्या अंधत्वाचे सुमारे दोन तृतीयांश कारण उपचार न झालेला मोतीबिंदू हेच आढळले. एका छोट्या शस्त्रक्रियेने ज्याची दृष्टी परत येते, त्याला आधी शोधावे, हे योग्यच आहे. या शिबिरांनी कोकणातल्या हजारो घरांत उजेड आणला, त्याबद्दल मला कृतज्ञताच आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की त्याच रांगेत उभ्या असलेल्या ज्या माणसाची दृष्टी मोतीबिंदूने गेलेली नाही, त्याला ‘काही नाही, चष्मा बदला’ असे सांगून घरी पाठवू नये. मोतीबिंदू आणि पडद्याचा आजार दोन्ही एकाच डोळ्यात असू शकतात. अशा वेळी शस्त्रक्रिया होऊनही मनासारखे दिसत नाही, मग गावात ‘ऑपरेशन बिघडले’ अशी चर्चा होते आणि इतर चार जण शस्त्रक्रियेला जायचे टाळतात. आधी पडदा पाहून रुग्णाला खरी कल्पना दिली, तर हे नुकसान टळेल.

या आजाराचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक प्रत्येक घरात माहीत असायला हवा, इतका तो महत्त्वाचा आहे. पहिला कोरडा प्रकार. बहुसंख्य रुग्णांना, म्हणजे शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी ते नव्वद जणांना, हाच असतो. तो वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. वाचताना जास्त उजेड लागतो, उन्हातून माजघरात आल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो, अक्षरे फिकट वाटतात. दुसरा ओला प्रकार. यात पडद्याच्या मागून नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपते, पडद्याला सूज येते, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मधली दृष्टी कायमची जाऊ शकते. रुग्णांची संख्या कमी असली तरी तीव्र दृष्टिहानी बरीचशी याच प्रकाराने होते. कोरड्या आजाराचे ओल्यात रूपांतर कोणत्याही आठवड्यात होऊ शकते, आणि ते ज्या आठवड्यात होते त्याच सुमारास उपचार सुरू झाले, तर पुष्कळ दृष्टी वाचते. म्हणजे डॉक्टरांकडे सहा महिन्यांनी जाणे पुरेसे नाही. मधल्या काळात रुग्णाने स्वतः पहारा ठेवला पाहिजे.

हा पहारा ठेवणे अवघड नाही. मार्क ॲम्सलर या स्विस नेत्रतज्ज्ञाने गेल्या शतकाच्या चाळिशीच्या दशकात प्रचारात आणलेली एक चौकट आजही जगभर वापरली जाते. दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौरस, त्यात पाच-पाच मिलिमीटरची घरे आणि बरोबर मध्ये एक ठळक ठिपका. घरी करायची असेल तर आलेख कागदावर पट्टीने आखून घ्यावी. वाचायचा चष्मा लावावा, चांगल्या उजेडात बसावे, कागद सुमारे तीस सेंटिमीटरवर धरावा, एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा आणि दुसऱ्याने फक्त मधल्या ठिपक्याकडे पाहावे. रेषा सरळ दिसतात का, घरे सर्व बाजूंनी सारखी आहेत का, कोठे काळसर डाग किंवा रिकामी जागा दिसते का, एवढेच बघायचे. मग दुसऱ्या डोळ्याने तसेच करायचे. एखादी रेषा आज नव्याने वाकलेली दिसली, तर ती पुढच्या महिन्याची तपासणी येईपर्यंत थांबण्याची गोष्ट नाही. त्याच आठवड्यात, शक्य तर दुसऱ्याच दिवशी, पडद्याच्या डॉक्टरांकडे पोचले पाहिजे.

एकेक डोळा झाकून पाहण्यावर मी इतका भर देते, कारण दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा बिघडलेल्या डोळ्याची उणीव झाकून टाकतो. एक डोळा पार अधू झाला तरी माणसाला महिनोन्‌महिने कळत नाही आणि दुसऱ्यात बिघाड सुरू झाला की एकदम अंधार झाल्यासारखे वाटते. चौकट आखणे ज्यांना जमत नाही, त्यांनी दाराची चौकट, खिडकीचे गज, फरशीच्या सांध्याच्या रेषा किंवा अंगणातून दिसणारा विजेचा खांब यांच्याकडे रोज सकाळी एकेक डोळा झाकून पाहावे. दात घासण्याइतकी ही सवय अंगवळणी पडते. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा आजार होता, त्यांनी तर पन्नाशीपासूनच ती लावून घ्यावी, कारण या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

ओल्या प्रकारावरचा उपचार म्हणजे डोळ्यात दिले जाणारे इंजेक्शन. हे शब्द ऐकूनच आपल्याकडे अर्धे लोक माघार घेतात, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहिते. आधी थेंब घालून डोळा बधिर करतात, जंतुनाशकाने स्वच्छ करतात आणि अतिशय बारीक सुईने औषध आत सोडतात. सारे काही मिनिटांत आटोपते. टोचल्यापेक्षा दाबल्यासारखे जास्त वाटते. हे औषध नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखते. सुरुवातीला बहुधा दर महिन्याला एक याप्रमाणे तीन इंजेक्शने देतात आणि मग ओसीटी या पडद्याच्या छेदचित्रावरून सूज किती उतरली ते पाहून पुढचे अंतर ठरवतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅनिबिझुमॅब या औषधाच्या मोठ्या चाचणीत, वर्षभरानंतर शंभरातल्या नव्वदांहून अधिक रुग्णांची दृष्टी मोठ्या घसरणीपासून वाचली होती आणि साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांना तक्त्यावरच्या तीन किंवा त्याहून जास्त ओळी अधिक वाचता येऊ लागल्या होत्या. हा उपचार येण्यापूर्वी या आजारात डॉक्टरांच्या हाती फार थोडे होते. इंजेक्शननंतर जंतुसंसर्ग क्वचितच होतो, तरी डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर अचानक कमी झाली, तर तत्काळ परत जावे, ही सूचना घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. या औषधांच्या किमतींत मोठी तफावत आहे. बेव्हॅसिझुमॅब हे मुळात आतड्याच्या कर्करोगासाठी आलेले औषध डोळ्यासाठी अगदी थोड्या मात्रेत वापरले जाते आणि त्यामुळे ते बरेच स्वस्त पडते. २०११ मध्ये अमेरिकेत रॅनिबिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब यांची समोरासमोर तुलना करणाऱ्या चाचणीत वर्षाअखेर दृष्टीवरील परिणाम सारखाच आढळला. एका कुपीतून अनेक मात्रा काढायच्या असल्याने निर्जंतुकतेची काळजी मात्र कसोशीने घ्यावी लागते. रॅनिबिझुमॅबची तुलनेने स्वस्त, भारतात तयार झालेली आवृत्तीही २०१५ पासून मिळते. ‘महागडे इंजेक्शन परवडणार नाही’ असे म्हणून उपचारच सोडून देणाऱ्यांनी डॉक्टरांना स्वस्त पर्याय मोकळेपणाने विचारावा, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

आमच्यासारख्यांची खरी अडचण पुढे येते. मला पडद्याच्या डॉक्टरांसाठी फोंडाघाट चढून कोल्हापूरला जावे लागते. पंच्याहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, महिलांना २०२३ पासून अर्ध्या तिकिटात जाता येते, आणि या सवलतींचा आम्हाला मोठा आधार आहे. पण बाहुली मोठी केल्यावर काही तास समोरचे धूसर दिसते, उजेड सहन होत नाही, म्हणून बरोबर कोणीतरी लागतेच, आणि ते कोणीतरी गावात उरलेले नाही. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, हे जनगणनेनेच सांगितले आहे. तरुण मुंबईला, पुण्याला, गोव्याला आणि म्हातारी माणसे घराला राखण, अशी स्थिती वाडीवाडीवर आहे. सोबत करणाऱ्या शेजाऱ्याचा दिवसाचा रोजगार बुडतो. पावसाळ्यात घाटात दरड आली की ठरलेली तारीख चुकते. या आजारात तारीख चुकणे म्हणजे दृष्टी गमावणे, हे आरोग्य खात्याने समजून घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कोरड्या प्रकारात गेलेली दृष्टी परत आणणारे औषध आज नाही. त्याच्या अगदी पुढच्या अवस्थेसाठी अमेरिकेत २०२३ मध्ये दोन इंजेक्शनांना मान्यता मिळाली, पण तीही झीज केवळ मंदावतात. म्हणून ‘ऑपरेशनशिवाय पडदा दुरुस्त’ अशा जाहिरातींना, डोळ्यात मध किंवा पाल्याचा रस घालण्याच्या सल्ल्यांना कोणी बळी पडू नये. त्यांनी डोळ्याच्या पुढच्या भागालाही इजा होऊ शकते. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांविषयी मात्र भक्कम माहिती उपलब्ध आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय नेत्र संस्थेने केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मध्यम टप्प्यावरच्या रुग्णांमध्ये क आणि ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन, जस्त आणि तांबे यांच्या ठरावीक मिश्रणाने आजार पुढच्या अवस्थेत जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी झाला. बीटा कॅरोटीनमुळे धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढत असल्याने, २०१३ मधील दुसऱ्या अभ्यासानंतर त्याऐवजी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झिआझँथिन घेण्याची शिफारस झाली. हा लाभ मध्यम टप्प्यावरच्या किंवा एका डोळ्यात आजार बळावलेल्या रुग्णांपुरताच आहे. ज्याला हा आजारच नाही त्याने औषधाच्या दुकानातून ‘डोळ्यांच्या गोळ्या’ आणून खाल्ल्याने तो टळतो, असे कोठेही सिद्ध झालेले नाही. माझ्या ओळखीची एक वृद्ध बहीण निवृत्तिवेतनातून अशा गोळ्यांवर पैसे घालते आणि जेवणात भाजी टाळते, तेव्हा मला वाईट वाटते.

कारण ल्युटीन आपल्या परसात उगवते. शेवग्याचा पाला, माठ, पालक, पावसाळ्यातला टाकळा, झालेच तर मक्याचे कणीस आणि अंड्याचा पिवळा बलक यांतून ते मिळते. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे नियमित खाणाऱ्यांमध्ये हा आजार कमी आढळल्याचे अनेक पाहण्यांत दिसले आहे. माशाच्या तेलाच्या गोळ्यांनी मात्र २०१३ च्या त्याच अभ्यासात जादा फायदा दाखवला नाही. यावरून मी एवढेच म्हणेन की ताटातला बांगडा सोडून बाटलीतल्या गोळीमागे धावण्याचे कारण नाही. रक्तदाब ताब्यात ठेवावा. आणि विडी-सिगारेट आजच सोडावी. धूम्रपान करणाऱ्यांना हा आजार होण्याचा धोका दोन ते चार पटींनी जास्त असतो. वय आणि वंश आपल्या हाती नाहीत. जे हाती आहे त्यात धूम्रपानाइतके वजनदार दुसरे काही नाही, आणि सोडल्यावर धोका हळूहळू उतरतो, म्हणून सत्तरीत सोडूनही उपयोग होतो.

आमच्या बंदरांवरील मच्छीमारांचा येथे वेगळा विचार व्हावा. अमेरिकेतील चेसापीक उपसागरात मासेमारी करणाऱ्यांच्या, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या डोळ्यांवर आधीच्या वीस वर्षांत जास्त प्रखर उजेड पडला होता त्यांच्यात या आजाराची पुढची अवस्था अधिक दिसली. नंतरच्या सर्व अभ्यासांनी याला सारखाच दुजोरा दिलेला नाही. तरीही देवगड, मालवण, हर्णै येथे होडीवर आयुष्य काढणाऱ्याने रुंद कडेची टोपी आणि अतिनील किरण अडवणारा चांगला गॉगल वापरण्यात तोटा काहीच नाही, कारण त्याच उन्हाने मोतीबिंदूही लवकर होतो.

आता या आजारासह जगण्याविषयी. एकट्या मधल्या दृष्टीच्या नाशाने पूर्ण अंधार होत नाही, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजे. मला ते कोणी सांगितले नव्हते आणि पुढे ठार आंधळेपण आहे, या भीतीत मी बरेच दिवस काढले. कडेच्या नजरेचा उपयोग शिकता येतो. चेहरा पाहायचा असेल तर त्याच्या कानाकडे किंवा केसांकडे किंचित तिरके पाहायचे, म्हणजे चेहरा शाबूत भागावर येतो. सरावाने ही जागा सापडते. स्वयंपाकघरात रंगांचा विरोध फार उपयोगी पडतो. तांदूळ मी काळ्या ताटात निवडते आणि उडीद पांढऱ्या ताटात. पाखाडीच्या आणि घराच्या पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या रंगाचा पट्टा मारून घेतला आहे, कारण जांभ्या दगडाच्या पायऱ्या पावसात एकमेकींत मिसळून जातात आणि या वयात पाय घसरून खुबा मोडला तर डोळ्यांपेक्षा मोठे संकट ओढवते. वाचताना दिवा डोक्यावर नको, पुस्तकाजवळ बाजूने हवा. दिव्याचे भिंग मिळते. मोबाईलमध्ये अक्षरे मोठी करण्याची आणि मराठीत वाचून दाखवण्याची सोय असते, तिच्यामुळे आपले दैनिक मी आजही रोज ऐकते. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये ‘मनी’ नावाचे मोफत ॲप आणले आहे. हे पत्रदेखील मी फोनला सांगून लिहिले असून माझ्या एका माजी विद्यार्थिनीने शुद्धलेखन तपासले आहे.

एका गोष्टीविषयी मात्र कोणी बोलत नाही, आणि तिच्याविषयी बोलणे मला सर्वांत निकडीचे वाटते. दृष्टी मंदावलेल्या काही माणसांना नसलेल्या गोष्टी दिसतात. अंगणात नटूनथटून उभी असलेली मुले, भिंतीवरची नक्षी, अनोळखी चेहरे, कधी माणसांची रांग. आवाज नसतो, माणूस पूर्ण भानावर असतो आणि बहुतेकांना हे खरे नाही हेही कळत असते. पडद्याकडून पुरेशी माहिती येईनाशी झाली की मेंदू स्वतःच चित्रे उभी करतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. स्वित्झर्लंडमधील चार्ल्स बोनेट या निसर्ग अभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या वृद्ध आजोबांचा असा अनुभव नोंदवला आणि बोनेट यांच्याच नावाने ही अवस्था ओळखली जाते. ही वेडाची खूण नाही. आपल्याकडे मात्र म्हातारीला असे काही दिसले की ‘बाहेरचे लागले’ असे म्हणून गाऱ्हाणे घातले जाते, नारळ आणि कोंबडा दिला जातो, नाहीतर ‘डोके फिरले’ म्हणून तिचे बोलणेच कोणी मनावर घेत नाही. आमच्या वाडीतल्या एका आजींनी याच भीतीने दोन पावसाळे कोणापाशी तोंड उघडले नाही. हा डोळ्यांच्या आजाराचा भाग आहे, एवढे समजल्यावर त्यांची झोप परत आली. खोलीत उजेड वाढवणे, जागा बदलणे, डोळे काही वेळा मिटून उघडणे किंवा नजर झपाट्याने इकडून तिकडे फिरवणे यांनी चित्र अनेकदा निघून जाते. घरच्यांनी हसू नये, घाबरवू नये आणि डॉक्टरांना अवश्य सांगावे. बोलण्यात विस्कळीतपणा असेल किंवा दिसते ते खरेच वाटत असेल, तर कारण वेगळे असू शकते आणि त्याची तपासणी स्वतंत्रपणे व्हायला हवी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अल्पदृष्टीला स्वतंत्र स्थान आहे. चष्म्यासह चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ (निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून दिसते ते सहा मीटरवरून दिसणे) पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी धरली जाते. आमच्याकडचे बरेच ज्येष्ठ या व्याख्येत बसतात आणि दाखल्यासाठी अर्जही करत नाहीत, कारण आपण ‘आंधळे’ नाही, असे त्यांना वाटते. दाखला हा कमीपणा नाही. दिव्यांगांसाठीच्या वैश्विक ओळखपत्राचा (यूडीआयडी) अर्ज गावातल्या कोणत्याही शिकलेल्या मुलाने ऑनलाइन भरून देण्यासारखा आहे.

जिल्हा प्रशासनाकडे आणि आरोग्य खात्याकडे माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक शिबिरात निदान साठीपुढच्या माणसाची बाहुली मोठी करून पडदा पाहावा. जेथे नेत्रतज्ज्ञ नसेल तेथे पडद्याचे छायाचित्र काढणारा कॅमेरा उपजिल्हा रुग्णालयात ठेवून नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांना त्याचे प्रशिक्षण द्यावे, म्हणजे छायाचित्र दूरच्या तज्ज्ञाला पाठवता येईल आणि खरोखर गरज असलेलाच रुग्ण घाट चढेल. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आली आहेत. तेथे ठरलेल्या वारी डोळ्यातील इंजेक्शनाची सोय झाली, तर तळकोकणातल्या रुग्णाचा जाऊन येऊन एका दिवसात उपचार होईल. आशा सेविका घरोघरी जातातच. त्यांच्या पिशवीत ॲम्सलरच्या चौकटीचे एक कार्ड असावे. ७० वर्षांपुढील सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेची दारे उघडली आहेत, तेव्हा पडद्याच्या उपचारांपैकी कोणते, कोणत्या रुग्णालयात त्यातून मिळतात, याचा फलक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मोठ्या अक्षरांत लावावा.

गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनाही एक सांगणे आहे. आरत्या, भजने, मोदक हे सर्व होऊ द्या. त्याच दिवसांत एका सकाळी आईला आणि बाबांना खिडकीसमोर बसवा, एकेक डोळा झाकायला सांगा आणि गज सरळ दिसतात का ते विचारा. वाकडे दिसत असतील, तर परतीचे तिकीट पुढे ढकलून त्यांना पडद्याच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जा. शेजाऱ्यांवर सोपवू नका.

आणि संपादक महोदय, आपल्या दैनिकाकडून एक अपेक्षा आहे. गणेशोत्सवापूर्वीच्या एखाद्या रविवारी बरोबर दहा सेंटिमीटर मापाची ही चौकट आपल्या अंकात छापावी, तिच्याखाली वापरण्याची रीत ठळक, मोठ्या अक्षरांत द्यावी आणि ती कापून देवघराशेजारी किंवा दिनदर्शिकेखाली चिकटवण्यास वाचकांना सांगावे. छपाईत माप लहान-मोठे होऊ नये, एवढे कृपया पाहावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग